जीवनभाऊचा बेस ट्रॉम्बोन

ज्या माणसाचे दात आपण पाडले त्याच्याच दुकानात बाजा विकत घ्यायला जायचं, तर एक तर निगरगट्टपणा लागतो नाही तर गरज. सहदेवापाशी दोन्ही होतं. अकोल्याहून सकाळच्या एसटीनं निघाला तो अमरावती येईपर्यंत मनात एकच घोकत होता: आपण कारंजाचे, आणि अकोटात आपण आयुष्यात कधी वाजवलं नाही.

गरज कसली ते सांगतो. चंद्रभानच्या बँडमध्ये सहदेव बेस ट्रॉम्बोन, म्हणजे खालच्या सुरांचा लांब बाजा, वाजवायचा. त्याच्या जुन्या बाजाची स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, इतक्यांदा ठोकून सरळ केली होती की आता ती मधोमध अडकून बसायची. चंद्रभाननं तोंडावर सांगितलं होतं, तुळशीची लग्नं लागायच्या आत दोन वॉल्व्हचा बाजा आण, नाही तर तुझ्या जागी धर्मपाल उभा राहील. आणि तसला जुना बाजा अख्ख्या वऱ्हाडात एकाच माणसाकडे विकायला होता. तो म्हणजे जीवन. पूर्वी अमरावतीच्या एका बँडचा बेस वाजवणारा, आता बाजांचे पोचे काढणारा कारागीर. पुढचे दात गेल्यावर फुंकणाऱ्यानं दुसरं करायचं तरी काय?

आता त्या दातांचं. दोन वराती एका चौकात समोरासमोर आल्या की या बँडवाल्यांचा आपसात एक रिवाज असे. दोन्हीकडच्या बेसवाल्यांनी खालचा सूर धरायचा. ज्याचा आधी तुटेल त्याच्या बँडनं बाजूला होऊन वाट द्यायची. दोन वर्षांपूर्वी अकोटात, दिवेलागणीच्या सुमाराला, सहदेवाचा दम संपत आला होता आणि तीस पावलांवरचा जीवन मात्र सूर धरून निवांत उभा होता. तेवढ्यात जनरेटर बंद पडला. अंधार झाला आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांना भिडले. दिव्यांचे खांब डोक्यांवर फुटले. एका ढोलवाल्याचं मनगट मोडलं, नवरदेवाच्या घोडीनं एका म्हाताऱ्याला तुडवलं. सहदेव त्या गर्दीतून वाट काढत सरळ जीवनपर्यंत गेला. कोण्या मोटरसायकलच्या उजेडात भोंगा चमकत होता, आणि तो पठ्ठ्या अजूनही सूर सोडत नव्हता. सहदेवानं अंगातला सगळा जोर पंजात आणून भोंग्यावर हाणला. माउथपीस ओठ फाडून आत गेला आणि सूर तुटला.

लोटालोटीत कोणाचा तरी धक्का लागला, असं सहदेव तेव्हापासून सगळ्यांना सांगत आला. चंद्रभानला सांगितलं, घरी बायकोलाही सांगितलं. साफ खोटं होतं ते. त्यानं पाहून, नेम धरून मारलं होतं.

जीवनचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आडव्या हाडाचा, पन्नाशीचा माणूस. कवळीमुळे वरचा ओठ जरा पुढे आलेला. त्यानं सहदेवाकडे पाहिलं आणि गाव विचारलं. कारंजा म्हटल्यावर मान हलवून स्टूल पुढे सरकवला. अकोटात टोपी आणि वर्दी होती, दिव्यांची झगमग होती. चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता. सहदेवाचा जीव भांड्यात पडला.

विकायचा बाजा लष्करी बँडमधून निघालेला होता. जीवननं तो असा समजावून सांगितला की मास्तरनं सांगावा. वारा जादा नळीत वळवणारा पहिला वॉल्व्ह डाव्या अंगठ्याखाली, दुसरा मधल्या बोटाखाली, आणि दोन्ही सुटे; एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही, म्हणून खालचे सूर हवे तसे जुळवता येतात. त्यानं वॉल्व्ह न दाबता त्याची नळी खेचली आणि मग अंगठा दाबला. फट्ट असा आवाज आला. वारा कुठे गळत नाही, याची ती खूण. सहदेवानं साधी सरगम वाजवून पाहिली. आवाज भारदस्त होता, पण फुंक कुठेतरी अडून जात होती, आणि डावा खांदा लगेच भरून आला.

त्याचं कारणही जीवननं सांगितलं. सुटे वॉल्व्ह दोन्ही मुख्य नळीतच बसवतात; दाबा की न दाबा, वारा त्या दोघांतून वळसे घेऊनच जाणार. मग फरक कळावा म्हणून त्यानं भिंतीवरचा एक बाजा काढला. हा विकायचा नाही, माझा आहे, म्हणाला. यात दुसरा वॉल्व्ह पहिल्याच्या वळणात बसवलेला; अंगठा दाबल्याशिवाय मधलं बोट मुकं. सूर जुळवायला वाव कमी, पण काही दाबलं नसलं की एकच वॉल्व्ह ओलांडायचा, आणि चालत वाजवणाऱ्याला हा हलका पडतो.

सहदेवानं तो तोंडाला लावला आणि तिथं घात झाला. वरातीत वाजवणाऱ्या प्रत्येकाची आपली एक सलामी असते. आवडीचा बाजा हाती आला की आधी ती निघते. सहदेवाची सलामी म्हणजे वरून तीन धक्क्यांत खाली उतरायचं आणि शेवटचा सूर गुरगुरत लांबवायचा. अकोटच्या चौकातही सूर धरण्याआधी त्यानं तीच वाजवली होती. पहिल्या बाजावर त्यानं ती डोळ्यात तेल घालून आवरली होती. पण या बाजात फुंक अशी मोकळी गेली की गडी स्वतःलाच विसरला. सूर संपल्यावर त्यानं पाहिलं, तर जीवन दुकानाचं शटर खाली ओढत होता.

"कारंजा, नाई का बे?" जीवन म्हणाला. त्यानं आपला बाजा सहदेवाच्या हातातून हळूच काढून गादीवर ठेवला, आणि पोचे काढायचा सागवानी दांडा उचलला.

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. आत काहीतरी कडकन मोडल्याचं सहदेवाला ऐकू आलं. तो उठायला गेला तर दांडा नडगीवर आला आणि तो तोंडावर आपटला. मग मांड्या, पाठ, कोपर. जीवन शिवी देत नव्हता की ओरडत नव्हता. जनावर सोलावं तसा मन लावून मारत होता. सहदेव कर्ण्यांच्या ढिगात सरपटत गेला, तिथून पाय धरून त्याला बाहेर ओढलं. फरशीवर रक्ताचा पट्टा उठला. शेवटी जीवनची बायको पौर्णिमा आतून धावत आली आणि तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला. मरून जाईल तो, म्हणाली. तेव्हा कुठे मार थांबला.

जीवन स्टुलावर बसून धापा टाकू लागला. कवळी सैल झाली होती, ती काढून त्यानं ऐरणीवर ठेवली. त्यामुळे पुढचं बोलणं बोळकं निघालं.

"तोंड सोडलं तुयं. वाजवनाऱ्याचं तोंड मी फोडत नाई. आन् हा मार अकोटचा नोता, खोटं बोलल्याचा होता. तिथं अंधार होता, लोटालोटी होती, कोनाचा धक्का कोनाले लागला काय मालूम. सरळ सांगितलं असतं तं चहा पाजला असता तुले."

मग त्यानं गादीवरचा आपला बाजा उचलून सहदेवाच्या हातात दिला. सुटा तुझ्या कामाचा नाही, चालता चालता मरशील, म्हणाला. हाच ने, जो भाव त्याचा तोच याचा. दोन वर्षं नुसता भिंतीला टांगून ठेवलाय, तो वाजायला पाहिजे. पौर्णिमानं सहदेवाला पाणी दिलं आणि शटर अर्धं वर केलं.

झालं होतं काम. बाजा मिळाला, चंद्रभानकडची जागा राहिली, तोंडही शाबूत होतं. आता फक्त वाकून बाहेर पडायचं होतं. पण सहदेवाचे पाय उचलेनात. आत्ता खाल्लेल्या माराचं त्याला काही वाटलं नव्हतं; त्या बोळक्या तोंडानं केलेल्या माफीनं मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार आपल्या हिशेबाचा होता, माफी नव्हती. ती त्यानं खरं दडवून उचलली होती.

"जीवनभाऊ," तो म्हणाला, "लोटालोटी नोती. गाडीचा उजेड होता. मले तुमी दिसून राहिले होते. माहा दम तुटून राहिला होता आन् तुमचा तुटत नोता. म्हनून मी नेम धरून मारलं."

पुन्हा स्टुलावर टेकलेल्या जीवननं मान वर केली.

"पुन्हा सांग."

सहदेवानं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता.

जीवन उठला. दांडा त्यानं घेतला नाही. पहिल्या ठोशानं सहदेवाचा वरचा ओठ उभा चिरला. पौर्णिमा दारातच उभी होती, पण या वेळी ती आडवी आली नाही. दुसऱ्या ठोशाला तोंड रक्तानं भरलं, आणि तिसरा बसला तेव्हा पुढचे दोन दात सहदेवाच्या जिभेवर आले. बाजा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तो खाली ठेवून हात वर करण्याइतका वेळ होता, पण त्यानं ठेवला नाही.