बिनफट कप्पा

सुतारकामाच्या धंद्यात त्याला सगळे 'बिनफट' म्हणायचे, आणि त्याला या नावाची एवढी घमेंड होती की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघत नसे. लोकांच्या घरात कपाटं बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मात्र कबूल करायला हवं. भिंत वाकडी असो, कोपरा तिरका असो, याचं कपाट असं बसायचं की भिंतीच्या आणि त्याच्या मधून कागद सरकणार नाही. काम संपलं की तो खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "घाला बघू, कुठे जातंय ते." कुठेच जात नसे. मग तो असा काही हसायचा की गिऱ्हाइकाला चहा पाजावाच लागे.

अशा माणसाला त्याच्या बायकोनं एका सकाळी सांगितलं, की मला गेम खेळायला लॅपटॉप घ्यायचाय.

"गेम? या वयात?"

"तुम्ही या वयात पत्ते खेळताना लबाडी करता, ती चालते?"

लबाडी तर खरीच होती. शिवाय पैसे तिचे होते, चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करून साठवलेले. आणि कारण दोघांनाही माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ तिकडे दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळला होता. वीस वर्षं त्यानं ट्रक चालवला, आणि आता मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस रुग्णालयात सुया टोचून घ्यायच्या आणि उरलेले दिवस छताकडे बघत पडायचं. जुन्या सोबत्यांनी त्याला एक कॉम्प्युटर आणून दिला होता, ट्रक चालवायचा खेळ टाकून. खेळात खरे घाट होते, खरा पाऊस होता, चुकलं की ट्रक खरोखर दरीत जायचा. पण तो ताईला फोनवर म्हणाला होता, "एकट्यानं मजा येत नाही गं. आम्ही कायम दोन गाड्या जोडीनं काढायचो. मागे आपलं कुणीतरी लागतं."

ताईनं जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण डॉक्टर आता वर्षाची भाषा सोडून महिन्यांची भाषा करत होते, आणि ती बहीण होती.

राहायला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंग, सुताराच्या हत्यारांचं भलंमोठं कपाट, आणि ते कपाट नि खिडकीची भिंत यांच्यामध्ये एक घडीचं टेबल. रुंदी बावीस इंच. दुसरी जागाच नव्हती. म्हणजे सुतार म्हणाला दुसरी जागा नाही, आणि जागेच्या बाबतीत त्या घरात त्याचा शब्द शेवटचा असायचा.

दुकानात जाताना त्यानं टेप बरोबर घेतला. बायको मशीन कसं चालतं ते विचारत होती आणि हा एकेका लॅपटॉपला आडवा-उभा मापत होता. विकणारी मुलगी हुशार होती. तिनं नीट विचारलं, कोणता खेळ, किती वेळ, एकट्यानं की जोडीनं. मग तिनं एक जाडजूड लॅपटॉप पुढे ओढला. "ट्रकवाल्या खेळाला हा घ्या. पडदा मोठा आहे, पंखे मोठे आहेत, चार तास चालवला तरी घाम फुटणार नाही याला."

बायकोनं त्या पडद्यासमोर बसून पाहिलं. दुकानातल्या खेळात एक रस्ता डोंगरावरून वळत जात होता. तिनं पडद्याच्या कडेला हलकेच हात लावला, आवडत्या साडीला लावावा तसा.

"सोळा इंच," सुतार म्हणाला. "वर माउसला आठ. चोवीस झाले. आपल्याकडे बावीस आहेत."

"दोन इंचांचाच प्रश्न आहे ना?" बायको म्हणाली. "ते हत्यारांचं कपाट थोडं सरकवलं तर?"

"ते भिंतीत बसवलंय. सरकवायला ते काय खुर्ची आहे?"

आता खरं सांगायचं तर आठ स्क्रू काढून अर्ध्या दिवसात ते कपाट सरकलं असतं. त्यानं लोकांची याच्या दुप्पट कपाटं हलवली होती. पण ते त्यानं स्वतःच्या घरासाठी बसवलेलं पहिलं कपाट होतं, भिंतीला चिकटून, बिनफट. ते उचकटायला त्याचं मन घेईना. म्हणून त्यानं बोट केलं पातळ, चौदा इंची लॅपटॉपकडे. तो दिसायलाही देखणा होता.

"खेळ चालेल यावर," ती मुलगी जरा नाखुशीनंच म्हणाली, "पण अंगानं पातळ आहे, तापतो. मागे आणि बाजूला जागा मोकळी ठेवा हं."

"जागेचं मला नका सांगू," सुतार म्हणाला. जागेचं त्याला कोण सांगणार!

बायकोनं एकदा मोठ्या पडद्याकडे पाहिलं आणि पर्स उघडली. घ्यायचं ठरलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सुतारानं कौतुकाचा कळस केला. बारका लॅपटॉप टेबलावर सरकतो, खिडकीतून धूळ येते, म्हणून त्यानं त्याच्यासाठी खास कप्पा बनवला. सागवानी पट्ट्या, तीन बाजूंनी लॅपटॉपच्या उंचीबरोबर, कोपरे हातानं गोल केलेले. खाली हिरव्या बनातीचं अस्तर. वायरीसाठी बरोबर वायरीएवढंच भोक. लॅपटॉप आत ठेवला की टक् असा आवाज व्हायचा आणि तो टेबलातच उगवल्यासारखा दिसायचा. सुतारानं खिशातून पोस्टकार्ड काढलं. "घाल बघू."

"सुरेख झालंय हो," बायको म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. तीस वर्षांत या माणसानं तिच्यासाठी म्हणून केलेली ती पहिली वस्तू होती. आल्यागेल्या प्रत्येकाला त्यानं तो कप्पा दाखवला. शेजारी, मीटरवाला, कुरिअरवाला, कुणाला सोडलं नाही.

मग सुरू झाले रविवार. सकाळी अकरा वाजता ती कानांवर हेडफोन चढवून बसायची, आणि तिकडून धाकट्याचा आवाज यायचा, तो हेडफोनमधून झिरपून सुतारालाही पलंगावर ऐकू जायचा. "ताई, आरशात बघ. आरशात! अगं, ब्रेक, ब्रेक! अरे देवा, मेंढ्या मारल्यास!" तिकडे तो हसायचा, इकडे ही हसून हसून डोळे पुसायची. आजाराचं दोघं बोलत नसत. तो पुढे, ही मागे, त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून. महिन्याभरात तिला घाट जमायला लागला. तेव्हा धाकटा म्हणाला, "आता बंदर करू, ताई. खाणीपासून थेट समुद्रापर्यंत. सगळ्यात लांबचा रस्ता आहे. तेवढा एक तुझ्यासोबत पुरा करायचाय मला." त्याच्या बोलण्यातलं 'तेवढा एक' तिनं ऐकलं आणि हेडफोन कानांवर नीट बसवला. मग म्हणाली, "करू की."

फक्त एक भानगड होती. पाऊण तास झाला की लॅपटॉप गरम व्हायचा, चित्र अडखळायचं, आणि मग फट् करून सगळं काळं. पुन्हा सुरू व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. तोवर धाकटा तिकडे रस्त्याच्या कडेला ट्रक लावून थांबायचा. त्याला फार वेळ बसवत नसे. दोन तासांत त्याची ताकद संपायची, आणि त्यातला बराच वेळ वाट बघण्यात जायचा.

"कंपन्यांचा माल हल्ली असाच," सुतार पलंगावरून म्हणायचा. "आणि तुमचा खेळही जड." एकदा तर तो वर्तमानपत्रानं लॅपटॉपला वारा घालत बसला होता. हसू नका, अगदी मनापासून घालत होता.

शेवटच्या रविवारी ते समुद्रापासून एका घाटाच्या अंतरावर होते. धाकट्याचा आवाज खोल गेला होता, पण उत्साह मावत नव्हता. "हा उतरलो की झालं, ताई. खाली वळणावरून पाणी दिसतं." आणि त्याच वळणाच्या अलीकडे चित्र अडखळायला लागलं. बायकोनं झटकन दोन्ही हात लॅपटॉपखाली घातले आणि तो कप्प्यातून उचलायला गेली.

"अगं, कडा खरवडतील!" सुतार उठलाच. त्यानं लॅपटॉप तिच्या हातून अलगद घेतला आणि परत आत बसवला. टक्. "होईल थंड आपोआप. जरा धीर धर."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पडदा काळा झाला.

त्या दिवशी लॅपटॉप सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. झाला तेव्हा धाकट्याचा ट्रक रस्त्यावर नव्हता. फोन केला तर भावजयीनं उचलला. थकून झोपलेत, म्हणाली. पुढच्या रविवारी करू म्हणालेत.

मंगळवारी तो गेला.

तिकडे जाऊन आल्यावर बायको टेबलाकडे फिरकली नाही. भावजयीनं तिला जे सांगितलं ते तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता. धाकट्यानं ट्रक कडेला घेऊन चारी दिवे लुकलुकत ठेवले होते. भावजय पडा म्हणाली तर तो म्हणाला, "थांब, ताई मागून येतेय." अर्धा तास तो तसाच बसून होता.

सुतारापाशी या दुःखावर एकच इलाज होता, तो म्हणजे काहीतरी दुरुस्त करणं. दोन-तीन आठवड्यांनी तो बायकोला न सांगता लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. मनात आलं, निदान चालू होईल, कधी तिला खेळावंसं वाटलं तर. दुरुस्तीवाल्यानं तोच ट्रकचा खेळ लावला आणि लॅपटॉप उघड्या टेबलावर ठेवून दिला. एक तास गेला, दोन गेले, अडीच गेले. ट्रक चालत होता.

"काही झालेलं नाही याला," दुरुस्तीवाला म्हणाला. "घरी कुठे ठेवता?"

सुतारानं सांगितलं. हातांनी माप दाखवत, अगदी बनातीच्या अस्तरासकट सांगितलं. सांगताना नेहमीसारखी मान थोडी ताठ झाली होती, तेही सांगायला हवं.

दुरुस्तीवाल्यानं खेळ बंद केला. मग त्यानं लॅपटॉप उलटा करून खालची जाळी दाखवली. "इथून हा श्वास घेतो. इथून, मागून आणि बाजूनं सोडतो. तुम्ही याला चहूबाजूंनी..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

घरी येऊन सुतारानं पटाशी घेतली आणि कप्पा उखडला. सागवानी पट्ट्या इतक्या पक्क्या बसवल्या होत्या की टेबलाचे ढलपे निघाले. तेवढ्यावर तो थांबला नाही. हत्यारांच्या कपाटाचे आठही स्क्रू काढले आणि खांदा लावून ते सरकवलं. दोन इंच कशाला, सहज हातभर सरकलं. सगळं मिळून दोन तासांचं काम.

बायको दुकानातून आली तेव्हा तो भुशाच्या ढिगात बसला होता. तिनं टेबलाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि पर्स खुंटीला लावली.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "मशीनची नव्हती. मी त्याचा गळा दाबला होता. त्या पोरीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला कळलंच नाही गं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं पटाशी खाली ठेवली.

"दुसऱ्याच आठवड्यात कळलं. तुम्ही कामावर गेलात की मी तो काढून ओट्यावर ठेवायचे, दोन डब्यांवर. घाटाचा सराव करायचे. तीन-तीन तास चालायचा, एकदाही बंद पडला नाही."

"मग रविवारी का नाही..."

"रविवारी तुम्ही घरी असायचात."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"एवढ्या हौसेनं केला होतात," ती म्हणाली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "दारात येईल त्याला दाखवत होतात. कसं सांगू? म्हटलं, थोडं थांबावं लागतं, थांबेल तो. माझंही चुकलंच. तुमचं मन मला नंतर कधीही सांभाळता आलं असतं. त्याच्याजवळ नंतर नव्हतं."

ती खाली वाकली आणि जमिनीवर पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागली. तोही करायला लागला. दोघं एकमेकांकडे न बघता भुसा भरत राहिली.