साहेब, तुम्हीच सांगा

नवं सॉफ्टवेअर आलं आणि गाड्या भाड्यानं देणाऱ्या त्या कंपनीचं उरलंसुरलं बळही गेलं. आधीच धंदा बसलेला, त्यात हा डोईजड खर्च. वर ते सॉफ्टवेअर एकच गाडी दोघा-दोघा गिऱ्हाइकांना देऊन मोकळं व्हायचं. काउंटरवरची सून बिचारी बोलणी खायची, आणि मागच्या आवारात गाड्या धुऊनपुसून ठेवणारे तिचे सासरे दुसरी एखादी गाडी पुढे आणून वेळ मारून न्यायचे.

शेवटी वरून कपातीचा हुकूम आला. तरुण मॅनेजरनं सुनेला आत बोलावलं.

"तुम्ही राहताय. पण तुमच्या सासऱ्यांना थांबवावं लागेल," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "तुम्ही घरच्याच. जरा सांभाळून त्यांच्या कानावर घाला ना."

नवरा गेल्यावर ती अंथरूण धरून पडली होती, तेव्हा सासऱ्यांनीच तिला उठवून इथं कामाला आणलं होतं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "त्यांनी उभी हयात इथं घालवली. घरी भाजी निवडता निवडता सांगायची गोष्ट आहे का ही? तुम्हीच सांगा. मी येते सोबत."

सासरे पाण्याचा पाइप गुंडाळत होते. मॅनेजर त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"काका, कंपनीनं... म्हणजे मला..." त्याचे डोळेच भरून आले.

सासरे काय ते समजले. पाइप त्यांनी बाजूला ठेवला. मग बसायला बादली पालथी घातली. "बसा साहेब. अजून किती जणांना सांगायचंय तुम्हाला. आत्ताच असे गळून गेलात तर कसं व्हायचं?"

"राग नाही आला तुम्हाला?"

"आलाय की! त्या सॉफ्टवेअरचा. पण त्याला दोन शब्द सुनावायचे, तर गाठू कुठं?"

मॅनेजर रडता रडता हसला. सून मात्र तोंड फिरवून उभी राहिली.

संध्याकाळी त्यानं दोघांना घरी जायला एक गाडी दिली. किल्ली सुनेनं घेतली. शेजारी बसलेल्या सासऱ्यांचा हात सवयीनं आरसा पुसायला गेला आणि मागे आला.

"जपून गं."

"हो बाबा."

दोन-तीन वळणांनंतर त्यांचं बोलणं थांबलं. तिनं पाहिलं, तर त्यांचा डोळा लागला होता. घर आलं, तरी तिनं गाडी थांबवली नाही. खड्डे चुकवत, हळूहळू, ती पुढच्या रस्त्याला वळली.