सातवी बरगडी

चपला न काढताच ती शेडमध्ये शिरली आणि जुन्या नावेच्या सातव्या बरगडीवरच्या गोणपाटात तिने मनगटापर्यंत हात खुपसला. गोणपाट ओलं होतं. तिने आठवीचं पाहिलं, तिसरीचं पाहिलं. सगळी ओली. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

रविवारी ती इकडे फिरकलीच नव्हती. मोठ्या बहिणीचं बिऱ्हाड हलवायचं होतं. भल्या सकाळी गेली ती दिवसभर कपाटं, गाद्या आणि बहिणीच्या सूचना जिन्यावरून वाहत राहिली. आज चहाचा पहिला घोट घेताना तिला आठवलं की गोणपाटांना पाणी द्यायचं राहिलं, आणि कप तसाच ठेवून ती पळत सुटली होती. काल वाराही असा भणाणत होता की दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत व्हावेत. मग ही गोणपाटं ओली कशी? शनिवारी आपण दोन बादल्या जास्त ओतल्या असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नशिबाने साथ दिली की माणूस फार चौकशा करत नाही.

नाव तीस वर्षं नदीच्या गाळात बुडून होती. मागच्या वर्षी ती वर काढली, तेव्हा तळाच्या फळ्या हाताने कुस्करत होत्या, पण त्या फळ्यांना आतून तोलून धरणाऱ्या अकरा बरगड्या शाबूत निघाल्या. त्या सुट्या करून या शेडमध्ये आणल्या होत्या. पाणी पिऊन फुगलेलं लाकूड एकदम वाळलं की तडकतं. म्हणून रोज ओलं गोणपाट पांघरायचं, दर आठवड्याला पाणी थोडं कमी करायचं आणि दर सोमवारी वजन करायचं. नाव पुन्हा उभी करून संग्रहालयात ठेवायची होती, आणि तिथल्या बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं की एक जरी बरगडी तडकली, तरी सगळ्या नव्या लाकडाच्या करून घेऊ. पंधरा वर्षं बाबांच्या हाताखाली रंधा मारल्यावर बाबा पहिल्यांदाच तिला म्हणाले होते, "हे तू बघ. मी मध्ये पडणार नाही."

बाबा काठी टेकत उतारावरून आले. गुडघ्यांमुळे सोमवारशिवाय ते इकडे येत नसत. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे पाहिलं. पाणी दिल्यावर रोज त्या त्या दिवसाच्या चौकटीत खडूने खूण करायची, असा शिरस्ता होता. रविवारची चौकट कोरी होती.

"काल खडू सापडला नाही," ती म्हणाली. कुणी विचारलेलं नसताना. चोराच्या मनात चांदणं.

"हं," बाबा म्हणाले आणि कप्पीचा दोर त्यांनी हातात घेतला.

सातव्या बरगडीचं वजन नेहमी सगळ्यात आधी व्हायचं, कारण ती बाबांची बरगडी होती. एकोणिसाव्या वर्षी, मोठ्या मिस्त्रींकडे उमेदवारी करताना, त्यांनी एकट्याने घडवलेली पहिली. मोठे मिस्त्री म्हणजे जमदग्नी. पोराने केलेल्या प्रत्येक कामाला त्यांची पटाशी लागायचीच. फक्त या बरगडीला लागली नाही. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की बाबांनी "एकोणिसाव्या वर्षी" एवढं म्हटलं की दोघी बहिणी उरलेली एका सुरात पूर्ण करायच्या.

काट्यावर वजन बरोबर अपेक्षेइतकं उतरलं होतं. तिने गोणपाट सोडलं. बरगडीच्या पाठीवर, जिथे फळी टेकते त्या अंगाला, हातभर लांब काळी रेघ उमटली होती.

"बाबा, तडकली."

बाबांनी चष्मा लावला, वाकून रेघेवरून नख फिरवलं.

"तडा इतका सरळ जात नाही," ते म्हणाले. "पातळ पटाशी दे."

डांबराचा जुना थर सुटला आणि बोटभर जाडीची एक लांबट लाकडी चीप त्यांच्या तळहातावर आली. एका टोकाला निमुळती होत कागदाएवढी झालेली. चार लाकडी खुंट्यांनी बसवलेली. खुंट्या एका रेषेत नव्हत्या, एक वर, एक खाली, अशा मारलेल्या. लाकूड चिरू नये म्हणून तशा फक्त मोठे मिस्त्रीच मारायचे.

"नंतर कुणी दुरुस्ती केली असेल," ती म्हणाली.

"फळ्या चढल्यावर इथे हात पोचतो का?" बाबा मोडक्या खुर्चीवर बसले. "फर्मा उलटा धरून आखलं मी. इथे बोटभर फट राहिली असती. नाव पहिल्या वर्षीच पाणी प्यायली असती." त्यांनी चीप उलटून पाहिली. "फळ्या चढवायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खिळे आणायला पाठवलं होतं. दुकानदाराने दिवसभर बसवून ठेवलं. मी तिथे त्यांना शिव्या घालत बसलो होतो, आणि इकडे ते..."

त्यांनी चीप परत खाचेत ठेवली. ती अशी बसली की जोड कुठे आहे ते कळेना. पन्नास वर्षांनी, ओल्या लाकडात.

"बघ, बघ काय हात होता!" बाबांचा आवाज भरून आला होता आणि ते हसतही होते. "आणि मी जन्मभर मिरवतोय."

"पण सांगितलं का नाही त्यांनी तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर त्या वयात मी हातातली पटाशी टाकून घरी गेलो असतो." चष्मा पुसत ते म्हणाले, "चल, झाक आता. वारं लागतंय."

तिने बरगडी गुंडाळली आणि झारी घ्यायला ती दाराजवळच्या कोपऱ्यात गेली. झारी ती नेहमी तिथे जमिनीवरच ठेवायची. तिथे ती नव्हती.

झारी वरच्या खुंटीला टांगलेली होती. त्या खुंटीपर्यंत तिचा हात पोचत नसे. घरात एकाच माणसाचा पोचत असे, आणि वस्तू खाली पडलेली त्या माणसाला खपत नसे.

तिने वळून पाहिलं. बाबा काठीच्या मुठीवरची धूळ फार मन लावून पुसत होते.

"गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.

"आहेत आपले."

ती खोक्यावर चढली, झारी काढली, अकराही गोणपाटांना पाणी दिलं. मग खिशातून खडू काढून फळ्यापाशी गेली. सोमवारच्या चौकटीत खूण केली. रविवारच्या कोऱ्या चौकटीत तिने खूण केली नाही. तिथे तिने लिहिलं, 'मी विसरले. पाणी बाबांनी दिलं.'

मागे खुर्ची करकरली. बाबांनी चष्मा लावून फळा वाचायला वेळ घेतला.

"अक्षर जरा बरं काढत जा," ते म्हणाले.