खालच्या मजल्यावरची आजी

हेरिमच्या घरात खालच्या मजल्यावरच्या आजीचा मोठा दरारा होता. मुलांनी ताटात भात टाकला की खालची आजी रागावणार. टीव्ही बंद करताना कुरकुर केली की खालची आजी वर येणार. दात घासायचा कंटाळा केला तरी खालच्या आजीला कळणार. आठव्या मजल्यावर बसलेल्या बाईला नवव्या मजल्यावरचे दात कसे दिसतात, हे विचारायची पाच वर्षांच्या मारूची हिंमत नव्हती, आणि तीन वर्षांच्या सोलला तेवढी अक्कल नव्हती.

खरी गंमत अशी, की या आजीला हेरिमनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

चोंगजू शहरातल्या या इमारतीत ते मागच्या वसंतात राहायला आले. अशा इमारतींत वरच्यांचे पाय आणि खालच्यांचं डोकं यांचं कधी जमत नाही. पोरांच्या धावपळीवरून पोलिसांपर्यंत गेलेल्या भांडणांच्या बातम्या वाचून हेरिम आधीच धास्तावलेली. तिनं घरभर जाड फोमच्या चटया अंथरल्या, मुलांना मऊ सपाता घेतल्या. नव्या घरात आलं की वर, खाली आणि शेजारी तांदळाच्या वाफवलेल्या वड्या वाटायच्या, वर लाल डाळीचा चुरा लावून, अशी रीत. तिनं त्या मागवल्याही होत्या. पण नेमका सोलला ताप भरला, वड्या कडक झाल्या, आणि शेवटी घरच्यांनीच त्या पुन्हा वाफवून संपवल्या. आता रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जाणं राहिलं ते राहिलंच.

मग एका दुपारी ती घरूनच ऑफिसच्या मीटिंगला बसली होती आणि पोरं सोफ्यावरून उड्या मारत होती. दटावून झालं, डोळे वटारून झाले. शेवटी ती उठली, भिंतीवरच्या इंटरकॉमचा रिसीव्हर कानाला लावला आणि त्या मुक्या यंत्रासमोर कमरेत वाकून म्हणाली, "हो आजी. चुकलं आजी. नाही, आता नाही पळणार. मी बघते ना दोघांकडे."

पोरं जागच्या जागी थिजली. मीटिंग अशी सुरळीत पार पडली, की तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. एकदा लागू पडलेलं औषध कोण सोडतं? रिसीव्हर आठवड्यातून एकदा उचलला जायचा, तो रोज उचलला जाऊ लागला. नवरा ग्युसोक हसायचा. "नाटकात जा तू. बक्षीस मिळवशील," म्हणायचा, आणि शांत घरात निवांत नूडल्स खायचा.

बालवाडीच्या बाईंनी एकदा हेरिमला थांबवलं. "मारूची आई, मारू मैदानातसुद्धा चवड्यांवर चालतो. टाच टेकतच नाही. एकदा डॉक्टरांना दाखवता का?"

"सवय आहे हो त्याची," हेरिम म्हणाली. "जाईल आपोआप."

त्या शनिवारी ती मुलांना घेऊन वाचनालयातून परतली. लिफ्टचं दार मिटता मिटता एक बुटकी म्हातारी आत शिरली. डोक्यावर लोकरीची टोपी, काखेत कांद्याच्या पातीची जुडी. तिनं आठाचं बटण दाबलं, मग आधीच पेटलेला नऊ बघितला.

"अगंबाई, नववा? कुठल्या बाजूचे?"

"नऊशे चार," हेरिम म्हणाली, आणि म्हणताच ही बाई कोण ते तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे माझ्या डोक्यावरचेच की!" म्हातारी खूश होऊन मुलांकडे वळली. "आणि ही कोण मंडळी?"

मारूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं सोलला ओढून आपल्या पाठीशी घातलं आणि भिंतीला टेकून दोन्ही हात सरळ वर केले. घरात खोटं बोललं की गुडघ्यांवर बसून हात वर धरायचे, ही त्यांची शिक्षा. लिफ्टमध्ये गुडघ्यांवर बसायला जागा नव्हती, म्हणून तो उभ्यानंच ती भोगायला लागला.

"आजी, आम्ही टाचा टेकवत नाही," तो भरभर बोलत सुटला. "झोपेतून शूला जातानापण नाही. सोल कधीकधी विसरते. ती लहान आहे. तुम्ही फोन केला ना, की मी तिला लगेच पकडतो. तिला रागावू नका."

 म्हातारीनं त्या वर केलेल्या हातांकडे पाहिलं, त्याच्या उचललेल्या टाचांकडे पाहिलं, आणि मग हेरिमकडे. ती नजर हेरिमला झेलता येईना. लिफ्टची जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण लिफ्ट आपली संथपणे वर चालली होती.

"फोन होय," म्हातारी सावकाश म्हणाली. "हो रे बाळा. करते खरी. वय झालं की माणूस किरकिरं होतं. हात खाली घे बघू. आता माझे कानच गेलेत, मला काही ऐकू येत नाही. पळा खुशाल."

आठवा मजला आला. काखेतली जुडी सावरत ती उतरली. दार मिटल्यावरही मारूचे हात वरच होते. हेरिमनंच ते धरून खाली आणले. ते गार पडले होते.

"वाचलीस!" ग्युसोकला कळल्यावर तो म्हणाला. "बाई समजूतदार निघाली. दुसरी कोणी असती तर लिफ्टमध्येच तुझी पूजा बांधली असती."

"हसू नको," हेरिम म्हणाली. "तुला दिसतंय का तो कसा चालतोय?"

मारू स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन येत होता. जाड चटईवरून, मऊ सपाता घालून, तरीही चवड्यांवर. एवढ्याशा पोटऱ्या दोरीसारख्या ताठ. वर्षभर हे तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि तिला ते शहाणपण वाटत होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की पोराच्या हातातला पेला घेतानासुद्धा तिला त्याच्याकडे बघवेना.

दुपारी ती बाजारात गेली, लाल डाळीच्या गरम वड्या घेतल्या, त्या ताटलीत मांडल्या आणि खाली जाऊन आठशे चारची बेल वाजवली.

म्हातारीनं दार उघडलं. आत ये म्हणाली नाही.

"वड्या आणल्यात," हेरिम मान खाली घालून म्हणाली. "मागच्या वर्षीच आणायच्या होत्या."

"उशीर झाला थोडा," म्हातारीनं ताटली घेतली. "सूनबाई, एक सांगू? मला वाटायचं, वरचं घर रिकामं आहे. ना पाय वाजत, ना कोणी हसत. मी मुलीला सांगायचे, माझ्या डोक्यावर कुणी राहतच नाही, फार सुनं वाटतं. आणि आज कळलं, की तिथं दोन लेकरं राहतात आणि माझ्या भीतीनं श्वास कोंडून जगतात."

"माझं चुकलं, आजी. फार चुकलं."

"चुकलंच. मी लिफ्टमध्ये हो म्हटलं ते तुझ्यासाठी नव्हे. लेकरासमोर त्याच्या आईला खोटं पाडवलं नाही मला. पण मला राक्षसीण करून ठेवलंस, ते मला लागलंय. माझं तोंड बघून एक पोर हात वर करतं!" तिचा आवाज चिरकला. "ते मी नाही निस्तरायचं. तू निस्तर."

ती आत गेली आणि वड्या काढून घेतलेली ताटली घेऊन आली. त्यात चार संत्री होती. राग होता, तरी भरून आलेली ताटली तिनं रिकामी परत पाठवली नाही. त्या संत्र्यांनी हेरिमला बोलण्याहून जास्त मारलं.

वर येताना तिनं जिना धरला. सांगायचं म्हणजे आई खोटारडी आहे हे सांगायचं, आणि एकदा सांगितलं की पुढं तिच्या कुठल्या शब्दावर पोर विश्वास ठेवणार? ग्युसोक म्हणाला होताच, "आता राहू दे ना. आजीनं मिटवलंय. पोरं विसरतील." पण मिटवलं होतं आजीनं, स्वतःच्या नावावर डाग घेऊन.

सोल झोपली होती. मारू गादीवर चित्रं रंगवत बसला होता. हेरिम त्याच्यासमोर बसली.

"मारू, खालच्या आजींनी कधीच फोन केला नाही."

तो रंगवायचा थांबला.

"एकदासुद्धा नाही. त्या रागावल्या नाहीत, वर येणारही नव्हत्या. आईनं ते सगळं खोटं सांगितलं. तुम्ही गप्प बसावं म्हणून."

"मग फोनवर कोण होतं?"

"कुणी नव्हतं. मी एकटीच बोलायचे."

 तिला वाटलं तो रडेल, नाहीतर खडू फेकेल. त्यातलं काही झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यानं फक्त विचारलं, "म्हणजे तू खोटं बोललीस?"

"हो."

पुढं काय करायचं ते घरातल्या नियमाला माहीत होतं. हेरिम गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हात वर केले. ग्युसोक दारात येऊन उभा राहिला. या वेळी तो हसला नाही. थोड्याच वेळात तिचे खांदे भरून आले आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

मारूनं तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, भिंतीपाशी गेला, होता नव्हता तेवढा जीव चवड्यांवर आणून इंटरकॉमचा रिसीव्हर काढला आणि दोन्ही हातांनी कानाला लावला.

"आजी, मी मारू," तो कमरेत वाकून म्हणाला. "आईनं खरं सांगितलंय. तुम्ही तिला रागावू नका. मी बघतो तिच्याकडे."