फटीत न मावणारा भोपळा

लालबाग. नवा टॉवर, जुनीच माणसं. आपण पॅसेजमध्ये उभे आहोत, समोर बंद दार. पाटीवर नाव : दर्शना परब. ती विमा कंपनीत आहे, एकटी राहते आणि दार साखळी लावूनच उघडते. म्हणून गोष्ट फटीतून दिसेल तेवढीच.

फट.

एक डोळा, अर्धा चष्मा.

"कोण?"

"भाजी, ताई. ओतूरहून. धनेश हांडे. ग्रूपवर ऑर्डर टाकली होती ना तुम्ही? आमच्याच शेतातली आहे."

"आधार कार्ड?"

कार्ड आत गेलं, फोटो काढून परत आलं. मग मेथी गेली.

बंद.

(बंद दारात बघण्यासारखं काही नाही. पुढच्या गुरुवारी या.)

फट.

पडवळ सरळ गेलं. दुधी तिरका करून. कोबी अडला, तो धनेशने पानं सोलत सोलत घुसवला.

"दादा, पुढच्या वेळी बारीक आणा."

"दारच जरा मोठं उघडा की, ताई."

"ते एवढंच उघडतं."

बंद. फट. बंद. फट.

एका गुरुवारी फटीतल्या डोळ्यात काजळ होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी धनेशच्या शर्टाला इस्त्री. 'ताई' कधीतरी गळून पडलं. 'दादा' मात्र चिकटून होतं.

फट.

भोपळा. लाल, घेरदार, दोन्ही हातांत धरलेला.

"अहो, मी पाव किलो सांगितला होता!"

"हा माझ्याकडून. लालबागची फेरी आजपासून बंद. आता फक्त दादरच्या बाजारात बसणार. म्हटलं, आठवण."

फटीतला डोळा भोपळ्यावरून त्याच्या चेहऱ्यावर गेला.

"आठवण म्हणून भोपळा?"

"गुलाब लावत नाही आम्ही."

"मग इथेच दोन फोडी करा. जातील आत."

"सुरी द्या."

"तुमच्या हातात?"

"मग मी खाली ठेवून जातो. तुम्हीच चिरा."

आत फोन स्पीकरवर होता. कुडाळहून आई ओरडली, "गो, येडी काय तू? आख्खो भोपळो बायलमाणसान चिरूचो नाय! आधी बापयाचो हात लागाक व्हयो. शेजारच्या अजिताक बोलव!"

"तो ऑफिसला गेलाय, आई."

"मगे त्या भाजयेवाल्याक सांग!"

फटीतून सुरीची मूठ बाहेर आली. परत आत गेली.

"आत येऊन चिराल?"

"येतो. पण तुमचं आधार कार्ड दाखवा."

"माझं?"

"मी एकटाच आत येतोय. सुरीही तुमची."

फट हसली. कार्ड बाहेर आलं.

"तुमचा फोटो भयंकर आहे हो."

"तुमचाही तसाच आहे. तरी मी अजून डिलीट केला नाहीये."

आणि दार बंद.

साखळी काढायची तर दार आधी लोटावं लागतं, एवढंच कारण होतं. ओतूरच्या माणसाला ते कुठून कळणार? तो भोपळा उचलून लिफ्टकडे वळलासुद्धा.

"अहो, कुठे निघालात?"

सबंध दार. अख्खी दर्शना, दोन्ही डोळ्यांना काजळ.

भोपळा आत. धनेश आत. चपला बाहेर.

बंद. आता नुसते आवाज.

"चिरलो गो?"

"चिरतोय, आई."

"कोण तो?"

"भाजीवाले दा..." सुरीचा आवाज थांबला. "धनेश."

मग आतून साखळी लागली. आपण इथेच, त्याच्या चपलांशेजारी.