बरणीतल्या सात अळ्या

नियम भिंतीवर चिकटवला होता आणि तो नीलव्वाला मीच वाचून दाखवला, म्हणून अर्धी चूक माझी धरावी. मक्यावर लष्करी अळी पडलेल्या गावांना तालुक्याच्या शेती ऑफिसातून औषध मिळणार होतं, पण त्यासाठी आधी गाव यादीत यायला हवं. वीस झाडांवरच्या अळ्या जिवंत आणून दाखवायच्या, त्या चाळीसच्या वर भरल्या पाहिजेत. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं, पाला आणू नये, ऑफिस घाण होतं.

मी एकतीस वर्षं मुदेनकेरीच्या पंचायतीचं वाचनालय सांभाळलं. शाळेत एक दिवसही शिकवलं नाही, तरी पुस्तकांजवळ बसतो म्हणून गाव मला मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, म्हणतं. अर्ज लिहायला लोक माझ्याकडे येतात. अर्ज घेऊन साहेबापुढे उभं राहायची वेळ आली की मात्र माझ्या तळव्यांना घाम फुटतो.

नीलव्वा माझी शेजारीण. तिचा दोन एकर मका गुडघ्याएवढा झाला होता आणि पानांवर खिडक्या दिसू लागल्या होत्या. कोवळी अळी पान सगळं खात नाही. हिरवं तेवढं खरवडते आणि पातळ पापुद्रा मागे ठेवते. मग मोठी होऊन पोंग्यात, झाडाच्या मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, उतरते, वर स्वतःच्या विष्ठेचं बूच बसवते आणि आतला कोंब खात राहते. त्यानंतर वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. बऱ्याच अळ्या अजून वर होत्या. नीलव्वाच्या हातात फार तर आठवडा होता.

सोमवारी उजाडताच आम्ही शेतात गेलो. ऊन चढलं की अळी पोंग्यात दडते, म्हणून ती वेळ. ती चिमटीनं अळ्या उचलत होती, मी मोजत होतो. काही सुतासारख्या होत्या, काही करंगळीच्या निम्म्या. त्रेचाळीस भरल्या. माझा माझ्या मोजण्यावर विश्वास नसतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो, तर ती म्हणाली, "मेष्ट्रे, सून पसंत करताय का? लावा झाकण." शेंगदाण्याच्या चटणीची तिची काचेची बरणी होती ती. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि आम्ही बस पकडली.

साहेब मीटिंगला गेले होते. शिपायानं उद्या या म्हणून सांगितलं. इथे ठेवून जाऊ का विचारलं, तर त्यानं बरणीकडे असं पाहिलं की मी ती छातीशी धरून परत आणली. रात्रभर ती माझ्या पुस्तकांच्या फळीवर राहिली. दोन पानं आत टाकावीत असं मनात आलं होतं. पण नियम आठवला आणि टाकली नाहीत. नियम मोडायची मला कधीच हिंमत झाली नाही.

मंगळवारी एकालाच आत सोडत होते. नीलव्वा बाहेर थांबली. हलगेरी साहेबांनी बरणी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि हसले. आत सात अळ्या होत्या, चांगल्या गलेलठ्ठ.

"त्रेचाळीस लिहिलंय अर्जात."

मी म्हटलं, काल त्रेचाळीसच होत्या.

"मग बाकीच्या उतरून गेल्या का बसमधून?"

शेजारच्या टेबलावरचा कारकूनही हसला. माझे कान तापले. मला कारण ठाऊक होतं. वाचनालयातल्या शेतीच्या एका पुस्तकात मीच वाचलेलं होतं की ही अळी भुकेली राहिली, दाटीत सापडली, तर दुसरीला खाते. मोठी लहानीला खाते. वाचलेलं असूनही मी त्यांना उपाशी एका बरणीत कोंडलं होतं. अडखळत अडखळत मी तेवढं सांगितलं. पाला आणू नये या नियमानंच हे झालं, हेही सांगितलं, पण ते बहुधा ऐकू गेलं नसावं.

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून विचार केला. मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले, "म्हणजे एका रात्रीत त्रेचाळीसच्या सात झाल्या. चार दिवस थांबा, मेष्ट्रे. शेतातल्याही आपोआप संपतील. सरकारी औषध कशाला वाया घालवायचं?" आणि अर्जावर शेरा मारायला त्यांनी पेन उघडलं.

एरवी मला राग येतो तो दोन दिवसांनी, घरी बसल्यावर. त्या दिवशी तो तिथेच आला.

"एका पोंग्यात शेवटी एकच उरते, साहेब," मी म्हणालो. "आणि झाड खायला एकच पुरते."

पेन थांबलं, मग पुन्हा कागदाकडे वळलं. तेवढ्यात शिपायाला बाजूला सारून नीलव्वा आत आली. ऑफिसच्या समोर कुंपणात ऑफिसचा स्वतःचा मका आहे, 'आदर्श मका' अशी पाटी लावलेला. मक्याजवळून जाताना पोंग्यात डोकावल्याशिवाय तिला राहवत नाही. तिनं मूठ उघडली आणि ओल्या भुशासारखी अळीची विष्ठा साहेबांपुढच्या अर्जावर ठेवली.

"ही तुमच्या अंगणातली," ती म्हणाली. "अळी लपते, पण घाण लपत नाही. तुम्ही मोजत बसा, साहेब. पाटीजवळच्या ओळीत सगळे पोंगे बुजलेत."

साहेब बाहेर जाऊन बघून आले. आल्या आल्या शिपायाला म्हणाले, पंप काढ, शनिवारी मोठे साहेब येतायत. शिपायानं मागची खोली उघडली. औषधाची खोकी छतापर्यंत रचलेली होती. महिनाभर बारा गावांचे लोक बरण्या घेऊन हेलपाटे घालत होते आणि खोकी इथे होती.

मी जाऊन त्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ठरवून नव्हे. दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"बाजूला व्हा, मेष्ट्रे," साहेब म्हणाले.

"आधी आमचं गाव लिहा."

आवाज चढला होता की नाही, मला आठवत नाही. नीलव्वा म्हणते, चढला होता. मला खात्री नाही. कारकुनानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खिडकीतून बाहेरच्या पाटीकडे पाहिलं, आणि यादीच्या तळाशी मुदेनकेरी लिहिलं गेलं.

औषध गावात शुक्रवारी आलं. ऑफिसच्या अंगणात मात्र मंगळवारी दुपारीच फवारणी झाली होती. त्या तीन दिवसांत नीलव्वाच्या झाडांपैकी तिसरा हिस्सा पोंगे बुजून गेला. बाकीचा वाचला. बुजलेल्या झाडांत ती रोज सकाळी बोटानं बूच काढते आणि आतली एकेक अळी ओढून चिरडते. मी मागे टोपलं धरून चालतो. भिंतीवरचा नियम अजून तसाच आहे. तो बदलावा म्हणून मी तीन अर्ज लिहिले, उत्तर नाही. आता चौथा लिहिला आहे आणि तो टपालानं पाठवणार नाही, स्वतः नेणार आहे. तेव्हा बरणीही परत आणायची आहे. ती साहेबांच्या टेबलावर राहिली आणि नीलव्वा रोज मागते.