जुखवो, म्हणजे घरातून

तू फक्त ऐक बे, मधात बोलू नको. मोनालीनं बाथरूमचा नळ फुल सोडला, पाणी बादलीत धडाधड पडू दिलं, अन् स्वतः आत न जाता मागच्या दाराच्या आडोशाले उभी राहिली. कावून? कारण आंगणात तिचा भाऊ अभिनव स्कूटीवर बसून फोनवर बोलून राहिला होता, अन् बोलून राहिला होता त्यांच्या भाषेत.

त्यांच्या म्हणजे दोघाईच्याच. लॉकडाऊनमधी स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दसच्या क्वार्टरात बसून बसून डोकं फिरलं, तवा या भाऊबहिणीनं मोबाइलवरून क्लिंगॉन शिकून घेतली होती. इंग्रजी सिरियलमधल्या परग्रहावरच्या भांडकुदळ लोकाईसाठी कोण्या शहाण्यानं बसून बनवलेली भाषा. नरड्यातून खाकरत बोला लागते. त्याईची आई, अन्नपूर्णाबाई, म्हणे, तुमी बोलता का गुरकावता? पण क्वार्टरच्या भिंती कशा असतेत तुले मालूम हाये, इकडं शिंकलं की तिकडचा विचारते सर्दी झाली का. अशा घरात दोघाईची एक खोलीच होती समज थे भाषा.

तर अभिनव एकच शब्द म्हणून राहिला होता. हळू, लाडानं. "जुखवो." मंग थांबे, हसे, अन् परत, "जुखवो."

आता हे 'वो' तेवढं समजून घे. कोणत्याही जागेच्या नावाले शेवटी वो लावला की तिथून निघालं, तिच्यापासून दूर चाललं. जुख म्हणजे घर, जुखवो म्हणजे घरातून. शिकले तवा हे दोघं मांजरीले किचनवो म्हणून हाकलत, एकमेकाईले पलंगवो म्हणून ढकलत. अन् आता दादा कोण्या तिसऱ्याच माणसाले हे शिकवून राहिला होता. घरातून. कोण निघून राहिलं घरातून?

मोनालीनं दाराले कान लावला. बाबा आजारानं गेले, त्याईच्या जागी प्लांटमधी अभिनव नोकरीले लागला, घर त्याच्यावर. तिले हैदराबादच्या एका कंपनीत नोकरी भेटली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. दादा आईजवळ हाये, याच भरवशावर ती जायचा विचार करून राहिली होती. दादाच सटकला तर तिचं हैदराबाद संपलं. तसंही अजून पक्कं नोतंच. आईनं जा म्हणलं नोतं. विचारलं की म्हणे, पाहू. अन् मोनालीनं दादाले साफ सांगून ठेवलं होतं, आईच्या तोंडून 'जा' निघाल्याबिगर मी पाय उचलत नाही. आई तर मामीचा पाय मोडला म्हणून नंदिनी नगरले मामाकडे जाऊन बसली होती.

जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, कोणाचा फोन होता. शिफ्टवाल्याचा, म्हणे. मंग शिफ्टवाला क्लिंगॉन बोलते का, तर हा ताटात पाहून म्हणे, तुले भास झाला असन. थो आंघोळीले गेला तशी तिनं फोन पाहिला. कॉल सगळे पुसलेले. जो माणूस खाल्लेल्या चिप्सचा पुडा महिनाभर गाडीच्या डिक्कीत ठेवते, थो कॉल पुसून राहिला. तिनं त्याच्या दोस्ताले, अमरदीपले, फोन लावला. अमरदीप आताच ओमानले नोकरीवर लागला होता. "दीदी, मेरे को कुछ नहीं पता," असं थो बोलला, तिनं काही विचाराच्या आधीच.

अन् मंग आलमारीवर नवी ट्रॉली बॅग दिसली, वरच्या प्लास्टिकच्या पन्नीसकट.

"हे कोणासाठी?"

"सेल लागला होता," अभिनव म्हणे.

"तू चालला का, दादा?"

"मी? मी तर दुपारच्या बी शिफ्टले चाललो."

ती हसली नाही. रात्रभर तिनं डोक्यात ओमान, बॅग, अमरदीप सगळं जोडून जोडून पाहिलं. बरोब्बर बसून राहिलं होतं.

रविवारी सकाळी आई वापस आली. दुपारी मोनालीनं ठरवलं, आपण हैदराबादले नाही म्हणून कळवून टाकू. मैत्रीण रेणूचं घर स्मृति नगरले, तिच्याशी एकदा बोलू, मंग मेल पाठवू. ओढणी घेतली, चपला घालाले दाराशी वाकली.

तेवढ्यात आई मधात येऊन उभी राहिली. पदर सारखा केला, घसा साफ केला, एकदा अभिनवकडे पाहिलं, शाळेत पोरं कविता म्हणाच्या आधी गुरुजीकडे पाहतेत ना, तसं. अन् नरड्यातून, बरोब्बर खाकरत, म्हणली,

"जुखवो यिजाख."

घरातून जा. साफ. हुकूम देतेत तसा.

एक चपल मोनालीच्या हातातच राहिली. फोनच्या त्या बाजूले आई होती. बॅग कोणासाठी होती हेही तिले तवाच उमगलं. ओमान, अमरदीप, सगळं एका झटक्यात गळून पडलं, अन् डोळे असे भरले की आईचा चेहरा दिसेना. आई म्हणली. स्वतःच्या तोंडानं म्हणली.

आईले मात्र कौतुक सांगाची घाई.

"मीच याले विचारलं होतं. पोरगी घरातून निघते तवा आपण म्हणतो, थे तुमच्यात कसं म्हणतेत? जीभ वळत नोती बाप्पा, मामी हसून हसून बेजार. बरोबर जमलं ना? सांभाळून जाय नाई म्हणलं मी, थे जाय अभद्र वाटते मले. लवकर वापस ये, असंच म्हणलं ना?"

मोनालीनं दादाकडे पाहिलं. थो खाली बसून सेफ्टी शूजची लेस बांधून राहिला होता. बांधली, सोडली, परत बांधली. तिची अट त्याले मालूम होती. याले आईनं 'ये' विचारलं, अन् यानं 'जा' शिकवलं.

"बरोबर हाये ना रे, अभी?"

अभिनवनं मान वर केली नाही.

"मोनीले विचार ना, आई. ती माह्याहून चांगली बोलते."

आई वळली. पोरीच्या तोंडाकडे पाहून राहिली, मार्क किती पडले विचारणाऱ्या पोरीवानी. जॉइनिंग दुसऱ्या दिवशी. तिच्या नावचं, त्याच संध्याकाळच्या रेल्वेचं तिकीट, नंतर समजलं, दादाच्या खिशात होतं.

आता तू सांग. तू तिच्या जागी असता तर आईले काय म्हणला असता?